सकाळी बोटं आखडतात?

मैत्रिणींनो, आमच्या जुहूला समोरच्या बिल्डिंगमध्ये एक वहिनी राहतात. सकाळी कणीक मळायला घेतली की त्यांची बोटंच वळेनात! दहा वाजले की हात मोकळे होत. "समुद्राकाठची दमट हवा, दुसरं काय!" असं म्हणत तेल चोळण्यात वर्ष गेलं. शेवटी सांधे सुजले, तेव्हा निदान झालं, आमवात.

या आजारात घरचा राखणदारच घरच्यांना चावतो. रोगजंतूंशी लढणारी आपली प्रतिकारशक्ती चुकून आपल्याच सांध्यांवर उलटते. ल्युपस हा त्याच जातीचा. त्यात ताप, गालांवर लाल चट्टे, कधी मूत्रपिंडालाही सूज. ल्युपसच्या दहा रोग्यांत नऊ बायका असतात, बरं का!

अशा आजारांच्या तज्ज्ञाला ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट म्हणतात. त्यांचं शिक्षण किती, ठाऊक आहे? एम.बी.बी.एस.ची साडेचार वर्षं, इंटर्नशिपचं एक, एम.डी.ची तीन आणि वर डी.एम.ची तीन. झाली की नाही साडेअकरा वर्षं! लखनौच्या संजय गांधी संस्थेत हा डी.एम. अभ्यासक्रम आहे. इतकं शिकायचं कशाला? तर आजार एकच, पण तो सांध्यात, कातडीत, मूत्रपिंडात कुठंही डोकावतो. शिवाय उलटलेल्या राखणदाराला शांत करायचं, पण खऱ्या चोरापुढे दुबळंही होऊ द्यायचं नाही, हे औषधांचं माप फार नाजूक असतं.

तेव्हा सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, सांधे सुजत असतील आणि असे सहा आठवडे गेले असतील, तर वाट पाहू नका. जुहूकरांना कूपर रुग्णालय जवळ. आधी तिथल्या मेडिसिन विभागात दाखवता येईल. परळच्या के.ई.एम.मध्ये तर या रोगांचा स्वतंत्र विभागच आहे.

आता गोळ्यांविषयी. आमवातावरची मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. म्हणून भिंतीवरच्या कॅलेंडरवर ठरलेल्या वारी खूण करून ठेवा. मूल हवं असेल तर आधीच डॉक्टरांना सांगा, कारण गरोदरपणी ही गोळी चालत नाही. आणि बरं वाटलं म्हणून स्टेरॉइडची गोळी मनानं एकदम बंद करू नका.

वहिनींचं म्हणाल, तर औषध वेळेवर चालू आहे. परवा त्यांनी स्वतः लाटलेल्या पोळ्यांचा डबा आमच्याकडे आला. वर्षभर आधी गेल्या असत्या, तर दोन बोटं वाकडी झाली नसती, एवढीच हळहळ!