फ्लॉप्यांचा डबा भंगारात देऊ नका

धारला 1903 मध्ये मदनकवीच्या ‘पारिजातमंजरी’ची शिला सापडली. नाटिका चार अंकांची, शिलेवर दोनच. उरलेले दोन अंक गेले ते गेलेच. आम्ही माळव्यातले मराठी लोक त्याबद्दल हळहळतो, पवारांच्या संस्थानांतली मोडी वाचणारे उरले नाहीत म्हणून भाषणे ठोकतो, आणि घरी येऊन दिवाळीच्या साफसफाईत फ्लॉप्यांचा डबा भंगारवाल्याच्या हाती देतो!

धार-देवासच्या कितीतरी स्मरणिका, वडीलधाऱ्यांच्या आठवणी नव्वदच्या दशकात संगणकावर टंकित झाल्या. “छापील प्रत आहे ना?” असे मला ऐकवले जाते. अहो, छापताना पानांअभावी गाळलेले कुठे शोधणार?

फ्लॉपी वाचली गेली तरी काम संपत नाही. फाइल उघडावी तर मराठीऐवजी निरर्थक चिन्हे. तेव्हाचे देवनागरी फाँट युनिकोडपूर्व. ज्याची त्याची अक्षरमांडणी निराळी. मूळ फाँट मिळाला की मजकूर पुन्हा बोलू लागतो, आणि तो फाँट बहुधा त्याच जुन्या संगणकात असतो. तोच संगणक आमच्या संस्था वजनावर विकतात! (नावे घेत नाही, सभासद ओळखतील.)

बुरशी धरलेली फ्लॉपी तशीच ड्राइव्हमध्ये घालू नये, वाचणारे हेडही बिघडते. चांगली असेल तर खिट्टी सरकवून लेखन बंद करावे, आधी सबंध प्रत उतरवावी, वाचन मागाहून.

आमच्या शाळेच्या कपाटातला सव्वापाच इंची ड्राइव्ह अजून चालतो. डबे तिथे आणून द्या. भंगारवाला किलोमागे देतो ते पैसे मी पदरचे देईन.