शिडी आणि झाड

महाशिवरात्रीच्या यात्रेला तुम्ही मार्कंड्याला, वैनगंगेच्या काठी गेला असाल. मंदिराच्या भिंतीवरील मूर्तीखाली नाव कोरलेले नसते. तरीही हातातील त्रिशूळ पाहून शिव ओळखता येतो. चित्र वाचण्यास लागणारे ज्ञान पाहणाऱ्याने घरूनच आणलेले असते. राजकीय व्यंगचित्र याच भांडवलावर चालते.

व्हिक्टोरियाकालीन इंग्लंडात हे भांडवल लोकप्रिय विज्ञानाने पुरवले. १८५५ च्या जुलैत मायकेल फॅरडे याने थेम्स नदीत पांढऱ्या कागदाचे तुकडे टाकून पाणी किती गढूळ आहे ते पाहिले आणि वृत्तपत्राला पत्र लिहिले. त्याच महिन्यात लंडनच्या ‘पंच’ साप्ताहिकाने नाक दाबून थेम्सबाबाला आपले कार्ड देणारा फॅरडे चितारला. अशा चित्रांचा गौरव नेहमी होतो आणि तो योग्यच आहे. पण तेवढ्यावर थांबणे मला मान्य नाही.

१८६१ साली पॉल द्यु शाय्यू याने आफ्रिकेतून आणलेले गोरिले लंडनकरांनी पाहिले. लगेच ‘पंच’मध्ये गळ्यात फलक अडकवलेला गोरिला अवतरला, मी माणूस आणि तुमचा भाऊ नाही काय, असे तो विचारत होता. मूळ प्रश्न गुलामगिरीविरोधी चळवळीच्या पदकावरील, साखळदंडातल्या आफ्रिकी माणसाचा होता. थट्टा वरवर डार्विनपंथीयांची. घाव मात्र त्या माणसावर. पुढच्याच वर्षी याच पत्राने लंडनमधील आयरिश मजुरांना वानर आणि माणूस यांमधला हरवलेला दुवा ठरवले.

विनोदाला एवढे गांभीर्याने का घ्यावे, असे तुम्ही विचाराल. घ्यावे, कारण येथे विनोद शास्त्राची साक्ष काढतो, आणि ती साक्ष खोटी आहे. डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथात आकृती एकच, आणि ती फांद्या फुटत जाणारी आहे. त्या झाडाची व्यंगचित्रकारांनी शिडी केली. लिन्ली सँबोर्नच्या ‘माणूस म्हणजे केवळ किडा’ या चित्रात गांडुळापासून निघालेली रांग वानर, रानटी मनुष्य असे वळण घेत उंच टोपीवाल्या इंग्रज गृहस्थापर्यंत पोहोचते. चित्र देखणे आहे, हे कबूल करावेच लागते. म्हणूनच ते डोक्यात राहते.

ही शिडी लंडनलाच राहिली नाही. ‘पंच’चा नमुना ‘पारसी पंच’ने १८५४ मध्येच मुंबईत आणला होता, ठाण्याहून मराठी ‘हिंदू पंच’ही निघाले. शिडी मात्र व्यंगचित्रांपेक्षा प्रशासनाच्या भाषेतून अधिक खोलवर पोहोचली. गडचिरोलीतील माडिया गोंडांची सरकारी ओळख ‘आदिम जमात’ अशी लिहिली गेली. ज्या माणसाशी आपण आठवडी बाजारात आजच्या भावाने मोहफुलांचा व्यवहार करतो, त्याला हा शब्द हजारो वर्षे मागे नेऊन उभा करतो.

स्वाध्यायासाठी सँबोर्नचे ते चित्र समोर ठेवा. त्या वळणावर आपल्या गावच्या माणसांना चित्रकाराने कोठे उभे केले असते, ते पेन्सिलीने खूण करून दाखवा आणि त्याची कारणे लिहा.