दुखणें अंगावर काढूं नका

आपल्या घरोघरीं एक वाक्य मोठ्या मानानें सांगितलें जातें : "चार दिवस ताप होता, पण अंगावर काढला." ऐकणाराही मान डोलावतो. ज्यानें दुखणें अंगावर काढलें तो खरा गडी, आणि जो दवाखान्याची पायरी चढला तो नाजूक, असा न्याय आपण लावून ठेवला आहे. खेड, मावळ आणि हवेली तालुक्यांतील शेतकऱ्यांच्या कित्येक पिढ्या या न्यायानें राबल्या. आतां त्यांचीं मुलें चाकण, महाळुंगे, भोसरी, तळवडे येथें यंत्रापुढें उभीं राहतात. बीड, लातूर, नांदेडाकडून आलेलीं मुलें एका खोलींत पांच-पांच राहून तेंच काम करतात. नांगर सुटला तरी अंगावर काढण्याची चाल कांहीं सुटली नाहीं.

ही चाल कां टिकली हें आम्हांस ठाऊक आहे. एक खाडा झाला कीं रोज बुडतो. चार खाडे झाले कीं कंत्राटदार दुसरा माणूस उभा करतो. दवाखान्याचें बिल किती होईल याचा ठाव नसतो. तेव्हां गरीब माणूस अडाणीपणानें दुखणें लपवितो असें म्हणणाऱ्या शहाण्यांशीं आमचें जमत नाहीं. तो हिशेब करूनच लपवितो. आमचें म्हणणें एवढेंच कीं, हा हिशेब चुकतो. आजचा खाडा त्याला दिसतो. उद्यां दुखणें बळावल्यावर विकावें लागणारें रान आणि मोडावे लागणारे बायकोचे दागिने त्याला दिसत नाहींत.

बांधवांनो, सगळींच दुखणीं सारखीं नसतात. कांहीं थांबतात, कांहीं थांबत नाहींत. हा फरक घरांतल्या प्रत्येकाला कळला पाहिजे.

सर्दी, पडसें, अंगदुखी, साधा ताप हीं दुखणीं दोन-तीन दिवसांची विश्रांति आणि भरपूर पाणी यांवर बहुधा आपोआप उतरतात. त्यांसाठीं सुई टोचून घेण्याची किंवा सलाईनची बाटली लावून घेण्याची गरज नाहीं. ज्याला तोंडानें पितां येतें त्याच्या शिरेंत मीठपाणी सोडून ताकद येत नाहीं. पैसे मात्र जातात. पिंपरीस १९५४ सालीं हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना स्थापन झाला व तेथें पेनिसिलिन तयार होऊं लागलें. जंतूंच्या रोगांत या औषधानें असंख्य प्राण वाचविले. पण सर्दी विषाणूंनीं होते, आणि त्यांच्यावर तें चालत नाहीं. ज्या पिंपरीनें देशाला हें औषध करून दिलें, तेथेंच आपण दुकानांतून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या मागून आणतों, दोन खातों आणि दोन फळीवर ठेवतों. अशानें जंतु निगरगट्ट होतात आणि खऱ्या वेळीं औषध लागू पडत नाहीं.

आतां घड्याळाकडे पाहून धांवावें लागतें अशीं दुखणीं घेऊं. जोतीराव फुले यांस १८८८ सालीं अर्धांगवायूचा झटका आला व त्यांचें उजवें अंग लुळें पडलें. डॉ. विश्राम रामजी घोले यांनीं त्यांच्यावर उपचार केले. जोतीरावांनीं डाव्या हातानें लिहून आपला अखेरचा ग्रंथ पुरा केला आणि १८९० सालीं ते निवर्तले. त्या काळीं मेंदूंतील रक्ताची गुठळी विरघळविणारें औषध जगांत कोठेंच नव्हतें. आज तें आहे. परंतु तें झटका आल्यापासून साडेचार तासांच्या आंत द्यावें लागतें, आणि तत्पूर्वी डोक्याचा सी. टी. स्कॅन करावा लागतो. म्हणून तोंड एका बाजूस वांकडें झालें, एक हात उचलेना, बोलणें अडखळूं लागलें, यांपैकीं एक जरी खूण दिसली तरी वेळ लक्षांत ठेवा व तात्काळ १०८ ला फोन करा. स्कॅनची सोय असलेल्या दवाखान्यांतच न्या. तोंडांत पाणी किंवा गोळी घालूं नका. "अंगावरून वारें गेलें" म्हणून तेल चोळीत बसाल, तर जन्माचें अपंगत्व पदरीं येईल.

छातीवर दाब येणें, डाव्या हातांत किंवा जबड्यांत कळ जाणें, दरदरून घाम सुटणें, याला आपल्याकडे "गॅस" म्हणण्याची रीत पडली आहे. सोडा पिऊन माणूस झोपतो आणि पहाटे उठत नाहीं. मधुमेह असलेल्यांना व पुष्कळ बायांना छातींत फारसें दुखतही नाहीं. नुसता दम लागतो, गळून जायला होतें. अशा वेळीं पहिलें काम म्हणजे हृदयाचा ईसीजी काढणें. गॅस निघाला तर आनंदच आहे.

पावसाळ्यांत जमिनीवर निजणाऱ्यांना मण्यारीचें भय मोठें. ती रात्रीं चावते आणि कित्येकदां दुखतही नाहीं. पहाटे पोटांत कळ येते, पापण्या जड होतात, घसा धरतो, मग श्वास अडतो. नाग, घोणस, मण्यार व फुरसें या चौघांच्या विषावर एकच लस चालते व ती सरकारी रुग्णालयांत मिळते. मग लोक मांत्रिकाकडे कां जातात? कारण चावणारे पुष्कळ साप बिनविषारी असतात. तो माणूस आपला आपणच वांचतो आणि यश मंत्राच्या नांवें जमा होतें. विषारी दंशांत मात्र मांत्रिकाच्या दारांत गेलेला तास परत मिळत नाहीं. दंशाच्या जागीं कापूं नका, चोखूं नका, आवळून बांधूं नका. आंगठी, बांगड्या काढा, तो अवयव हालूं देऊं नका आणि निघा. कुत्रें चावलें तर जखम साबणानें वाहत्या पाण्याखालीं १५ मिनिटें धुवा व त्याच दिवशीं लस सुरू करा. जखमेंत चटणी किंवा हळद भरूं नका.

लेंकराला खोकला झाला तर तें शांत असतांना एक मिनिटभर त्याचे श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आंतील बाळाचे ६० किंवा अधिक, वर्षाच्या आंतील मुलाचे ५० किंवा अधिक, आणि त्यापुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरले, अथवा श्वास घेतांना बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, तर तें न्यूमोनियाचें चिन्ह समजा. त्याच दिवशीं दवाखाना गांठा. जुलाबांत ओआरएसचें पाकीट एक लिटर पाण्यांत कालवून थोडें-थोडें पाजीत राहा. पण डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, मूल अंगावर पिईना किंवा शौचांतून रक्त पडलें तर घरीं थांबूं नका.

डेंग्यूची गोष्ट तर उलटी आहे. ताप उतरला म्हणजे बरें वाटलें असें आपण समजतों. या रोगांत बहुधा तेव्हांच धोका सुरू होतो. ताप उतरतांना पोट सतत दुखूं लागलें, वांत्या थांबेनात, हिरड्यांतून रक्त आलें, माणूस मलूल पडला, तर दाखल करावें. तापावर पॅरासिटामॉलखेरीज अंगदुखीची दुसरी गोळी मनानें घेऊं नये.

कामकरी बांधवांनो, प्रेस मशीनवर बोट तुटलें तर तें स्वच्छ ओल्या फडक्यांत गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवींत घाला आणि ती पिशवी बर्फावर ठेवा. बोटाला बर्फ थेट लागूं देऊं नका. लवकर पोंचल्यास तें जोडलें जाण्याची आशा असते. मुकादम "मलमपट्टी करून पाळी पुरी कर" म्हणाला तरी ऐकूं नका. अपघाताची नोंद कारखान्यांत झाल्याशिवाय राहूं देऊं नका.

कांहीं दुखणीं मुंगीच्या पावलानें येतात. दोन आठवड्यांहून अधिक खोकला टिकला तर थुंकी तपासून घ्या. क्षयाची तपासणी व औषध सरकारांत मोफत आहे. तिशी उलटली कीं वर्षांतून एकदां रक्तदाब व साखर मोजून घ्यावी.

आणि घरांतली बाई? सावित्रीबाई फुले यांनीं १८९७ च्या प्लेगांत मुंढव्याच्या आजारी मुलाला पाठीवर घेऊन दवाखाना गांठला, आणि त्याच रोगानें १० मार्चला त्या गेल्या. आजही घरांत सर्वांना दवाखान्यांत नेणारी तीच असते, आणि तिला नेण्याची वेळ सर्वांत शेवटीं येते. पाळी गेल्यावर पुन्हां रक्त जाणें, स्तनांत गांठ लागणें, चार पायऱ्या चढतांना धाप लागणें, हें ती लाजेनें किंवा खर्चाच्या भयानें सांगत नाहीं. गरोदरपणांत रक्त जाणें, झटके येणें, डोकें फुटेल असें दुखून डोळ्यांपुढें अंधारी येणें, यांत सासूबाईंच्या अनुभवाची वाट पाहूं नये.

आतां पैशाची गोष्ट. पगाराच्या चिठ्ठींत "ईएसआय" म्हणून पाऊण टक्का कापला जातो, आणि मालक सव्वातीन टक्के भरतो. २०१७ पासून २१,००० रुपयांपर्यंत पगार असलेले कामगार या विम्यांत येतात. कंत्राटी कामगारही येतात. नियमाप्रमाणें हप्ते भरलेल्या कामगाराला आजारपणांत डॉक्टरच्या दाखल्यावर वर्षांत ९१ दिवसांपर्यंत पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. कामावरील अपघातांत ९० टक्के मिळते. चिंचवडच्या मोहननगरांत या योजनेचें रुग्णालय आहे. म्हणजे ज्या खाड्याला तुम्ही भितां, त्याचा बराचसा पैसा तुमच्याच पगारांतून आधींच भरलेला असतो! तो न मागणें याला सोशिकपणा म्हणत नाहींत. शेतकऱ्यांसाठीं राज्याच्या आरोग्य खात्याच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार मोफत आहेत; चाकणचें ग्रामीण रुग्णालय व औंधचें जिल्हा रुग्णालय त्यांत मोडतें. मोठ्या दुखण्याला रेशनकार्डावर जोतीरावांच्या नांवाची जन आरोग्य योजना आहे. तिच्या यादींतील रुग्णालयांत शिरतांच आरोग्यमित्राला गांठावें.

नाशिक रस्त्यावर चाकणच्या चौकांत गाड्या कशा तुंबतात हें तुम्हीं पाहिलेंच आहे. म्हणून घरांतून निघण्यास उशीर करणें आपल्याला परवडणारें नाहीं. आज संध्याकाळीं जेवणापूर्वी चार कामें करा. पगाराची चिठ्ठी काढून ईएसआय कापतात कीं नाहीं तें पाहा. रेशनकार्ड व आधारकार्ड हाताशीं येईल असें ठेवा. रात्रीं-अपरात्रीं कोणाची गाडी मिळेल हें शेजाऱ्याशीं बोलून ठेवा. १०८ हा आंकडा भिंतीवर इतका मोठा लिहा कीं लहान पोरालाही वाचतां यावा. आणि घरांत जो कोणी बरेच दिवस "कांहीं नाहीं, बरा आहें" म्हणत असेल, त्याला उद्यां सकाळीं घेऊन जा.