मालवणचं स्कुबा : पहिल्या दहा मिनिटांची जबाबदारी कोणाची?

मालवण : पावसाळी बंदी उठली की मालवण, तारकर्ली, देवबागात पर्यटकांची रीघ लागते. पर्यटक विचारतो, रेट किती, व्हिडिओ मिळणार काय? बोटीवर ऑक्सिजन सिलिंडर आहे काय, हे सहसा कोणी विचारत नाही.

24 मे 2022 रोजी स्कुबा करून परतणारी बोट तारकर्लीत उलटली आणि दोन पर्यटकांचा जीव गेला. अशा दुर्घटनेनंतर बोटीची क्षमता, लाइफ जॅकेट यावर बोललं जातं. ते हवंच. पण माणूस पाण्याबाहेर काढल्यावर पुढे काय, हा प्रश्न मागे राहतो.

‘आमचं पाणी उथळ, काय होणार नाय’ हा युक्तिवाद टिकत नाही. 10 मीटरवर दाब दुप्पट होतो. घाबरून श्वास रोखून कोणी झटकन वर आला, तर फुफ्फुसातली हवा फुगते. फुफ्फुस फाटून हवेचे बुडबुडे रक्तावाटे मेंदूत जाऊ शकतात. दोन मीटरवरूनही हे घडू शकतं. अशा रुग्णाला आडवं झोपवून लगेच शुद्ध ऑक्सिजन द्यावा लागतो.

बुडालेल्याचा श्वास थांबला असेल तर आधी तोंडाने श्वास, मग छातीवर 30 दाब आणि 2 श्वास, असं चक्र चालू ठेवायचं. दाबाचा वेग मिनिटाला 100 ते 120. पोट दाबून पाणी काढत बसणं घातक. उलटी फुफ्फुसात जाते.

108 ची गाडी जेटीपर्यंत येते, समुद्रात नाही. म्हणजे पहिली दहा मिनिटं बोटीवरच्या माणसांची. गाइड पाण्यात असतो, तेव्हा वर बोट चालवणाराच उरतो. प्रशिक्षण त्यालाही हवं, आणि ते दर दोन वर्षांनी ताजं व्हायला हवं. सराव नसला की हात विसरतात.

आणखी एक गोष्ट. रुग्ण कोल्हापूरला हलवायचा तर घाट चढावा लागतो. उंचीवर हवेचा दाब घटतो, बुडबुडे वाढतात. म्हणून ‘हा स्कुबा करून आलाय’ हे डॉक्टरांना आणि ॲम्ब्युलन्सवाल्यांना आधीच सांगायला हवं.

तारकर्लीत एमटीडीसीची स्कुबा प्रशिक्षण संस्था आहे. शिकवायची सोय दारात आहे. परवाना देताना बोटीच्या कागदांसोबत ऑक्सिजन किट आणि प्रथमोपचाराचं चालू प्रमाणपत्र तपासलं, तर पुढचा हंगाम थोडा निर्धास्त जाईल.