कोर्टाची पायरी आणि उसाचे बिल



‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्याकडे जमिनीसारखी वारसाने चालत आली आहे. हातभर बांधापायी दोन-दोन पिढ्या तालुक्याच्या कोर्टात घालविलेली घराणी आपण सर्वांनी पाहिली आहेत. म्हणून ती म्हण खोटी, असे आम्ही म्हणणार नाही. परंतु एखादी लिमिटेड कंपनी आपले पैसे दाबून बसते आणि आपण ओसरीवर बसून ‘देतील की आज ना उद्या’ म्हणत राहतो, तेव्हा ती म्हण शहाणपणाची राहत नाही. ती कंपनीच्या फायद्याची होते.

हे लिहावयास कारण घडले आहे. आपल्याच कार्यक्षेत्रातील काही सभासदांनी टनाला शे-दोनशे रुपये जादा मिळतील या आशेने आपला ऊस एका खाजगी लिमिटेड कारखान्याला घातला. पहिल्या दोन पंधरवड्यांची बिले जमा झाली, पुढची थकली. आता इकडे सोसायटीचा सचिव दारात उभा, तिकडे कंपनीच्या ऑफिसात ‘साहेब मुंबईला गेलेत’ हे ठरलेले उत्तर. ‘आपला कारखाना सोडून गेलात ना, मग भोगा आता,’ असे म्हणणारेही गावात आहेत. आम्हास ते पटत नाही. ऊस कोणत्याही गव्हाणीत पडो, त्याला पाणी रात्री उठून आपल्याच माणसाने पाजलेले असते.

यातले एक आबा आम्हाला म्हणाले, “मालकाच्या बंगल्यापुढं बैलं सोडून बसतो, बघू कसा देत नाही!” आबांचा राग खरा, पण पत्ता चुकला. लिमिटेड कंपनीला त्या अर्थाने मालक नसतो. कंपनी ही कायद्याच्या दृष्टीने स्वतंत्र व्यक्ती आहे. १८९७ साली इंग्लंडच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सने सॉलोमन नावाच्या बूट बनविणाऱ्या व्यापाऱ्याच्या खटल्यात हे तत्त्व पक्के केले आणि आपल्याकडचा कंपनी कायदाही त्याच वाटेने चालतो. कंपनीचे देणे ते कंपनीचे. संचालकाचा बंगला, त्याची गाडी, त्याच्या बायकोच्या नावचे शेत यांना सहसा हात लागत नाही. आपल्या कारखान्याच्या नावापुढेही ‘लि.’ आहेच. फरक एवढाच की येथे चुकले तर वार्षिक सभेत उठून जाब विचारता येतो. तिथे आपण सभासद नाही, नुसते घेणेकरी आहोत. आणि घेणेकऱ्याचे बळ कागदात असते.

तेव्हा पहिली गोष्ट कागदाची. ऊस नोंदीचा करार, प्रत्येक खेपेची वजनकाट्याची पावती, मिळालेल्या बिलाची प्रत आणि बँकेच्या खात्याचा उतारा हे सर्व एका पिशवीत घालून ठेवावे. लाऊडस्पीकरवरून जाहीर केलेला जादा दर कागदावर नसेल तर तो सिद्ध करताना दमछाक होते.

दुसरी गोष्ट, उसाच्या बाबतीत पहिली पायरी कोर्टाची नाहीच. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे ऊस पोचल्यापासून १४ दिवसांत पैसे दिले पाहिजेत. उशीर झाल्यास त्यावर सालीना १५ टक्के व्याज. समजा ५० टन ऊस ३,००० रुपये दराने गेला, तर दीड लाख येणे. सहा महिने थकले तर व्याजच ११,२५० रुपये होते. हे व्याज कोणी मेहेरबानी म्हणून देत नाही, तो हक्क आहे. मात्र याच आदेशात एक खाच आहे. ‘लेखी करार वेगळा नसेल तर’ १४ दिवस, असे त्यात म्हटले आहे. म्हणून नोंदीच्या वेळी चिटबॉयने पुढे केलेल्या छापील फॉर्मवर डोळे झाकून सही करू नये. घरातल्या शिकलेल्या पोराकडून आधी वाचून घ्यावा.

थकबाकीसाठी पुण्याला साखर आयुक्तांकडे लेखी तक्रार करावी. ते थकीत रकमेचे प्रमाणपत्र जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवू शकतात. यालाच आरआरसी म्हणतात. मग ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी वसूल होते, म्हणजे साखर, मोलॅसिस, मालमत्ता यांवर जप्ती येऊ शकते. शेतसारा थकला की तहसीलदाराचा माणूस आपल्या दारात येत असे. तेच हत्यार येथे आपल्या बाजूने आहे. ते गंजत का पडू द्यावे?

तिसरी गोष्ट चेकची. कंपनीने चेक दिला आणि तो परत आला, तर पुष्कळजण तो ट्रंकेत ठेवून देतात आणि ‘पुढच्या महिन्यात टाका’ या शब्दावर थांबतात. तेथेच घात होतो. बँकेकडून चेक परतल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. नोटीस मिळाल्यावर कंपनीला १५ दिवस मिळतात. तरी पैसे आले नाहीत तर पुढच्या एका महिन्यात कलम १३८ खाली फिर्याद करावी लागते, आणि ती आपले खाते ज्या शाखेत आहे तेथल्या कोर्टात करता येते. येथे ‘लिमिटेड’चा पडदा बराच बाजूला सरकतो. चेकवर सही करणारा आणि त्या वेळी कंपनीचा कारभार पाहणारे संचालक आरोपी होऊ शकतात. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा रकमेच्या दुपटीपर्यंत दंड, अशी शिक्षा आहे. बैल सोडून बसण्यापेक्षा ही नोटीस भारी पडते.

चौथी गोष्ट दिवाणी दाव्याची. मुदत साधारणपणे तीन वर्षांची. त्या मुदतीत कंपनीने सहीनिशी देणे कबूल केले किंवा काही रक्कम लेखी नोंदीने दिली तर मुदत नव्याने सुरू होते. फोनवरच्या ‘देतो हो दादा’ने होत नाही. लेखी करार वा चेक हाती असेल तर वकिलांना संक्षिप्त दाव्याबद्दल जरूर विचारावे. त्यात बचाव करण्यासाठीच कंपनीला आधी कोर्टाची परवानगी घ्यावी लागते.

आता काहीजण विचारतील, कंपनीला दिवाळ्यातच काढले तर? त्यासाठी २०१६ चा दिवाळखोरी कायदा आहे. परंतु मार्च २०२० पासून त्यासाठी किमान १ कोटीची थकबाकी लागते. एकट्यादुकट्या शेतकऱ्याचे ते काम नव्हे. बँक मात्र ते करू शकते, आणि अर्ज दाखल करून घेतला गेला की कंपनीविरुद्धचे दावे व वसुली तेवढ्या काळापुरती थांबतात. त्या वेळी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे मुदतीत आपला दावा नोंदविला नाही, तर आपले नाव यादीतच येत नाही. चेकच्या फिर्यादीत मात्र संचालकांची सुटका होत नाही, असे सुप्रीम कोर्टाने २०२१ साली स्पष्ट केले आहे.

आणि एक कडू सत्य. हुकूमनामा म्हणजे रोख पैसे नव्हेत. गोदामातली साखर बँकेकडे तारण असते आणि कंपनी बुडाली तर तारणवाली बँक रांगेत आपल्या पुढे उभी असते. म्हणूनच आम्ही पुन्हा पुन्हा सांगतो, पैसे बुडतात ते कोर्टात गेल्याने नव्हे, उशिरा गेल्याने. गाळप चालू आहे, साखर गोदामात आहे, तोवरच हालचाल करावी. हंगाम संपून धुराडे थंड झाल्यावर जप्तीला उरते काय?

एकट्याने जाऊ नये. गावातल्या दहा-वीस जणांनी कागद एकत्र करावेत, तक्रार एका दिवशी द्यावी, वकील एकच करावा. ज्या भगिनींच्या नावे ऊस आहे त्यांना तालुका विधी सेवा समितीमार्फत मोफत वकील मिळू शकतो. त्यांना उत्पन्नाची अट नाही.

शेवटी स्वतःच्या घराकडे बोट दाखविल्याशिवाय हा लेख पुरा होणार नाही. १४ दिवसांचा आणि १५ टक्क्यांचा नियम खाजगीला जसा लागू, तसाच सहकारीलाही. आपल्या कारखान्याकडून बिलाला उशीर झाला तर सभासदांनी हेच कलम आमच्यापुढे ठेवावे; आम्हास राग येणार नाही, यावा असेही नाही. वेळेवर बिल देणारा कारखाना सोडून सभासद शे-दोनशे रुपयांसाठी बाहेर जात नाही, हे संचालक मंडळानेही मनावर घ्यावे.

शहाण्याने कोर्टाची पायरी उगाच चढू नये, हे खरेच. पण घामाचे पैसे अडकले असतील तर ती वेळेत, कागद घेऊन आणि चारजणांना बरोबर घेऊन चढावी. आबांना आम्ही हेच सांगितले. त्यांनी बैल गोठ्यात बांधले आणि वजनाच्या पावत्या शोधायला घेतल्या आहेत.