‘येअ’ की ‘येय’?

मैत्रिणीचा मेसेज आला, "आजी गेली गं. कळलं ना?" मी घाईघाईत लिहिलं, ‘येय’. म्हणायचं होतं ‘येअ’!

इंग्रजीत वाय-ई-ए-एच लिहिलं की होतं साधं ‘हो’. वाय-ए-वाय लिहिलं की आनंदाने ‘हुर्रे!’. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही.

मला वाटतं, व्याकरण आपण परीक्षेसाठी घोकतो, पण असले बोलीतले शब्द नुसते ऐकून उचलतो. अर्थ कुणाला विचारतच नाही. इंग्रजी जरूर वापरावं, पण नीट समजून. आणि अशा वेळी तर आपली मराठीच बरी. "हो गं, कळलं. येते मी," एवढं लिहायला कितीसा वेळ लागला असता? शेवटी तिच्या घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठे ती बोलली.