तीन मालिका, तीन पहिले भाग

१ जानेवारी १९६३. जपानच्या फुजी टीव्हीवर एक नवी कार्टून मालिका सुरू झाली. ओसामु तेझुका या प्रख्यात चित्रकथाकाराची 'तेत्सुवान अतोमु'. बाहेरच्या जगात ती 'ॲस्ट्रो बॉय' या नावानं ओळखली जाते. मुलांची मालिका म्हटल्यावर सुरुवात गंमतजमतीनं होणार, असं कुणालाही वाटेल. पण इथे पहिल्याच भागात एका शास्त्रज्ञाचा लहान मुलगा मोटार अपघातात दगावतो. दुःखानं वेडापिसा झालेला बाप हुबेहूब त्याच्यासारखा यंत्रमानव तयार करतो. हा पोरगा कधी वाढणारच नाही, हे ध्यानात आल्यावर तोच बाप त्याला सर्कसवाल्याच्या हवाली करतो!

बरोबर साठ वर्षांनंतर, २०२३ सालच्या ऑक्टोबर हंगामात, तीन जपानी मालिकांची विशेष चर्चा झाली. 'फ्रीरेन', 'द अपोथेकरी डायरीज' आणि 'प्लुटो'. तिघींचे विषय एकमेकींपासून कोसभर दूर. एक जादूगारांच्या जगातली, दुसरी राजाच्या जनानखान्यातली, तिसरी यंत्रमानवांची. पण तिघींच्या पहिल्या भागात कुणाचा ना कुणाचा मृत्यू आहे आणि कथेची सारी पुढची वाट त्यातूनच निघते. मग फरक कुठे आहे? तो आहे, त्या मृत्यूचं प्रत्येक मालिका काय करते यात. तिघींचे पहिले भाग शेजारी शेजारी ठेवून पाहण्यात मजा आहे ती त्यामुळेच.

वीस मिनिटांची परीक्षा

आपल्याकडे १९९३ मध्ये दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'द जंगल बुक' लागायचं, ते अनेक घरांत आजही आठवतं. मोगली आणि बघीरा यांची ती मालिकाही मूळची जपानी, १९८९ सालची. त्यावेळी पहिला भाग आवडला की नाही, हा प्रश्नच नव्हता. रविवारी सकाळी तेच लागायचं आणि सगळे तेच बघायचे.

जपानमध्ये मात्र चित्र वेगळं आहे. तिथे टीव्हीचं वर्ष चार हंगामांत विभागलेलं असतं. जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर. एका हंगामाला 'कूर' म्हणतात आणि त्यात साधारण बारा-तेरा भाग बसतात. प्रत्येक हंगामात डझनावारी नव्या मालिका येतात. बऱ्याचशा रात्री उशिरा दाखवल्या जातात. एक भाग सुमारे चोवीस मिनिटांचा. त्यातून सुरुवातीचं आणि शेवटचं गाणं, प्रत्येकी दीड मिनिटाचं, वजा करा. उरतात जेमतेम वीस-एकवीस मिनिटं. एवढ्या वेळात नवं जग उभं करायचं, माणसांची ओळख करून द्यायची आणि पुढच्या आठवड्यात प्रेक्षक पुन्हा येईल याची तजवीजही करायची. नव्या मालिकेला निदान तीन भागांची संधी द्यावी, असा शौकिनांमध्ये एक अलिखित नियमच आहे. पण इतक्या गर्दीत तीन भाग थांबतो कोण?

निप्पॉन टीव्ही या वाहिनीनं २०२३ मध्ये यावर एक तोडगा काढला. 'फ्रीरेन'चे पहिले चार भाग तिनं २९ सप्टेंबरला एका दमात दाखवले, तेही शुक्रवारी रात्री चित्रपटांसाठी राखून ठेवलेल्या दोन तासांत. मग २१ ऑक्टोबरच्या मध्यरात्रीनंतर 'अपोथेकरी डायरीज'चे पहिले तीन भाग सलग दाखवले. 'प्लुटो' तर टीव्ही वाहिनीच्या वाटेला गेलीच नाही. तिचे आठही भाग २६ ऑक्टोबरला नेटफ्लिक्सवर एकदम आले. त्यातला पहिलाच तासाभराचा!

शेवटापासून सुरुवात

'फ्रीरेन' कानेहितो यामादा यांनी लिहिलेल्या आणि त्सुकासा आबे यांनी चितारलेल्या चित्रकथेवरून आली. मूळ जपानी नावातला 'सोसो' हा शब्द अंत्ययात्रेशी, मृताला निरोप देण्याशी निगडित आहे.

बहुतेक साहसकथा जिथे संपतात, तिथे ही सुरू होते. हिम्मेल हा वीर, हायटर हा धर्मगुरू, आयझेन हा बुटक्या जमातीतला लढवय्या आणि फ्रीरेन ही जादूगारीण, अशी चौकडी असुरांच्या राजाला मारून दहा वर्षांनी राजधानीत परतते. जयजयकार होतो. रात्री आकाशात उल्कांचा वर्षाव दिसतो. हा वर्षाव पन्नास वर्षांतून एकदाच होतो. फ्रीरेन सहज म्हणते, याहून चांगला दिसेल अशी एक जागा मला ठाऊक आहे, पुढच्या वेळी तिथे नेईन. फ्रीरेन 'एल्फ' आहे, म्हणजे हजारो वर्षं जगणाऱ्या जमातीतली. तिला पन्नास वर्षं म्हणजे आपल्याला चार-सहा महिने.

ती खरोखरच पन्नास वर्षांनी परतते. शब्द पाळायला आणि हिम्मेलकडे ठेवायला दिलेलं ड्रॅगनचं एक शिंग परत घ्यायला. दारात तिला भेटतो एक बुटका, टकला, पांढऱ्या दाढीचा म्हातारा. तो हिम्मेल. त्यानं ते शिंग इतकी वर्षं जपून ठेवलेलं असतं. चौघं मिळून उल्का बघायला जातात आणि थोड्याच दिवसांत हिम्मेल जातो. अंत्यविधीला जमलेले लोक कुजबुजतात, सोबती असून हिच्या डोळ्यांत पाणी कसं नाही? मग तिचा बांध फुटतो. माणसाचं आयुष्य छोटं असतं हे मला माहीत होतं, तर मग मी त्याला समजून घ्यायचा प्रयत्न का केला नाही, एवढंच तिचं म्हणणं.

भाग संपतो तेव्हा पुढे काय होणार याची उत्कंठा फारशी नसते. शत्रू आधीच मेलेला. कोडं नाही, सूडही नाही. एखाद्याला वाटेल, गोष्ट तर संपली, आता पुढे काय बघायचं? या कथेला एकट्या वीस मिनिटांत प्रेक्षक जिंकणं कठीण होतं. चार भाग एकत्र दाखवल्यानं पुढचा प्रवास दिसला. अनाथ मुलगी फेर्न फ्रीरेनची शिष्या होते आणि या वेळी फ्रीरेन माणसाला समजून घ्यायचं मनावर घेते. मग कळतं की खरी गोष्ट पश्चात्तापानंतरची आहे.

आधी उत्तर, मग ओळख

'अपोथेकरी डायरीज'ची गोष्ट अगदी निराळी. नात्सु ह्युगा यांच्या कादंबरीमालेवर ती आधारलेली आहे. मूळ नावाचा अर्थ होतो, औषधं करणारणीचं स्वगत. जुन्या चीनसारख्या दिसणाऱ्या एका कल्पित देशात कलावंतिणींच्या वस्तीत औषधं बनवणारी माओमाओ ही मुलगी राहते. तिला पळवून नेऊन राजाच्या जनानखान्यात दासी म्हणून विकतात. ती मुकाट्यानं दिवस काढते. लिहिता-वाचता येतं हेही लपवते, कारण शहाणी दासी म्हणजे डोक्याला ताप, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

जनानखान्यात राजाची तान्ही मुलं एकामागून एक दगावत असतात. शाप म्हणा, करणी म्हणा, नाना तर्क चाललेले. दोन राण्यांची बाळं आजारी पडतात आणि एक राणी दुसरीवर आळ घेते. दुरून बघणाऱ्या माओमाओच्या ध्यानात येतं की हा शाप नाही. राण्या तोंडाला जी पांढरी भुकटी फासतात, ते विष आहे. ती आपल्या कपड्याची चिंधी फाडते, त्यावर इशारा लिहिते आणि फुलांच्या फांदीला बांधून दोघींच्या खिडकीत ठेवून येते. एक राणी ऐकते, तिची मुलगी वाचते. दुसरी ऐकत नाही, तिचा मुलगा जातो.

यात कल्पनेपेक्षा इतिहासच जास्त आहे. शिशापासून केलेली पांढरी भुकटी जपानमधले नट आणि गेशा खरोखरच वापरत. आपल्याकडेही काही सुरम्यांत आणि शेंदरात शिसं सापडतं. म्हणून तान्ह्या बाळाच्या डोळ्यांत असलं काही घालू नका, असं डॉक्टर बजावतात. करमणुकीच्या ओघात ही गोष्ट आपोआप मनावर ठसते.

पहिला भाग म्हणून याची बांधणी तिघींत सर्वांत चोख. एक कोडं घातलं, सोडवलं आणि सोडवता सोडवता नायिकेचा स्वभाव दाखवला. जनानखान्याचा देखणा कारभारी जिन्शी मग तिला युक्तीनं पकडतो. दासींच्या घोळक्यासमोर तो एक लिहिलेला कागद धरतो. चेहऱ्यावर वांग असलेलीनं इथेच थांबावं, असा त्यातला मजकूर. वाचता येणारी एकटी माओमाओ दचकते आणि सापडते! पुढचा भाग बघायला आणखी काय हवं? उणं काढायचंच तर एवढंच की, ज्या राणीचं बाळ गेलं तिच्या दुःखापाशी पहिला भाग फार थांबत नाही. तिच्याकडे मालिका पुढे वळते, आणि चांगली वळते. पण पहिल्या भागात तो मृत्यू कोड्याचं उत्तर म्हणूनच येतो.

जीव लावायचा, मग तोडायचा

'प्लुटो'चं मूळ थेट तेझुकांच्या 'ॲस्ट्रो बॉय'मध्ये आहे. त्यातल्या १९६४-६५ सालच्या एका कथेवरून नाओकी उरासावा यांनी २००३ ते २००९ या काळात मोठ्यांसाठी चित्रकथा लिहिली. त्या काळच्या इराक युद्धाची सावली तिच्यावर स्पष्ट दिसते. निर्माते मासाओ मारुयामा एके काळी तेझुकांच्याच कंपनीत कामाला होते. १९७२ मध्ये ज्यांनी 'मॅडहाउस' ही संस्था काढली, त्यांत ते होते. पुढे त्यांनी 'एमटू' स्थापन केली. 'प्लुटो' एमटूची आणि 'फ्रीरेन' मॅडहाउसची. एकाच घरातून निघालेल्या या दोन वाटा!

'प्लुटो'च्या सुरुवातीला स्वित्झर्लंडच्या डोंगरात माँब्लां हा सर्वांचा लाडका यंत्रमानव नष्ट झालेला सापडतो. तपासाला येतो गेझिश्ट, जो स्वतःच यंत्रमानव आहे. जगातल्या सात सर्वश्रेष्ठ यंत्रमानवांच्या मागे कुणीतरी लागलं आहे, हे उघड होत जातं. इथवर ही नेहमीची गुप्तहेरकथा वाटते.

मग कथा स्कॉटलंडला जाते. तिथे एका जुन्या वाड्यात डंकन नावाचा आंधळा, तिरसट संगीतकार राहतो. त्याच्याकडे 'नॉर्थ नंबर टू' हा यंत्रमानव नोकर म्हणून येतो. तो पूर्वीचा सैनिक, युद्धाला विटलेला. त्याला पियानो शिकायचा आहे. यंत्राला संगीत कुठलं कळायला, म्हणून डंकन त्याला हाडहुड करतो. पण नॉर्थ हटत नाही. म्हाताऱ्याच्या लहानपणीच्या एका हरवलेल्या सुराचा तो माग काढतो आणि त्याच्या मनातली जुनी अढी सोडवतो. दोघांचं जमतं न जमतं तोच नॉर्थला आकाशात लढायला जावं लागतं. तो परत येत नाही.

अर्ध्या तासात एका यंत्राला जीव लावायला शिकवून तो हिरावून घ्यायचा, हे येऱ्यागबाळ्याचं काम नाही. पहिल्या भागात सर्वांत जास्त रडवते ती हीच मालिका. त्याची किंमतही मोजावी लागते. या प्रसंगानंतर मूळ तपास फिका वाटतो, आणि सुरुवातीलाच इतकं भरलेलं ताट आल्यावर काही प्रेक्षक दमून जातात.

कुणी काय बघावं?

'कार्टूनच तर आहे' म्हणून मुलांच्या हाती रिमोट देऊन स्वयंपाकघरात जावं, अशी यातली एकही मालिका नाही. 'प्लुटो' सरळसरळ मोठ्यांची आहे. त्यात युद्ध आहे, हत्या आहेत. 'अपोथेकरी डायरीज'मध्ये कलावंतिणींची वस्ती, विषप्रयोग आणि राजाच्या अनेक राण्या आहेत. दहावीच्या पुढच्या मुलामुलींनी, तेही आईवडिलांच्या सोबतीनं ती बघावी. मुलीनं दोन प्रश्न विचारले तर उत्तर देण्याची तयारी ठेवावी. 'फ्रीरेन' जरा समजत्या वयाच्या मुलांसह सगळ्या घराला बघता येईल. लढाया तिच्यातही आहेत, पण पहिल्या भागाचा भर त्यांवर नाही.

आता निकाल. नुसता पहिला भाग म्हणून गुण द्यायचे तर पहिला नंबर 'अपोथेकरी डायरीज'चा. वीस मिनिटांत तिनं जे करून दाखवलं त्याला तोड नाही. भावनेच्या जोरावर बघायचं तर 'प्लुटो'. पण टीव्ही बंद केल्यावरही सोबत राहतो तो 'फ्रीरेन'चा पहिला भाग.

याचं कारण साधं आहे. माओमाओची हुशारी आपल्याकडे नसते आणि नॉर्थचं दुःख यंत्रमानवाचं असतं. पण रोज डोळ्यांसमोर असलेल्या माणसाबद्दल आपल्याला फारसं काही ठाऊक नाही, ही फ्रीरेनची चूक घरोघरी घडते. आपण हजारो वर्षं जगणारे नसूनही. हिम्मेलनं ते शिंग कपाटात पन्नास वर्षं सांभाळलं. तिच्या लेखी ती एक अडगळ होती. त्याच्या लेखी ती मैत्रिणीनं विश्वासानं ठेवायला दिलेली वस्तू होती.

आजी-आजोबांच्या कपाटातही असं काही ना काही असतंच. एखादी पितळी डबी, कुणाचं तरी पत्र, न चालणारं घड्याळ. 'फ्रीरेन'चा पहिला भाग शक्य झालं तर त्यांना शेजारी बसवून बघावा. मग ती डबी कुणाची, हे विचारायला पन्नास वर्षं थांबावं लागणार नाही.